शेवटच्या बाकापर्यंत

राजलक्ष्मी मॅडम रोज सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी रिकाम्या वर्गात जात. फळ्यावर त्या दिवसाच्या धड्याचं नाव लिहीत, त्याखाली एखादं बारीक अक्षरांचं सूत्र लिहीत, खडू ठेवून हात झटकत आणि बाकांच्या दोन रांगांमधून चालत थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसत. तिथून आपलं अक्षर वाचत. वाचता आलं की उठत, ओल्या फडक्याने फळा पुसत आणि पंखे लावत, म्हणजे मुलं यायच्या आत फळा वाळावा. वाचता आलं नाही तर पुन्हा लिहीत, जरा मोठं, आणि पुन्हा मागे जाऊन बसत.

ह्या सवयीमागे एक सिग्मा होता. नोकरीच्या सुरुवातीला मागच्या बाकावरच्या एका मुलाने त्यांचा ग्रीक सिग्मा इंग्रजी सहा समजून उतरवून घेतला होता. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. परीक्षेत त्याने सगळी गणितं सहा धरून सोडवली आणि तो आपटला. स्टाफरूममध्ये त्या उत्तरपत्रिकेवरून पुष्कळ हसणं झालं. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या मागे जाऊन बसायला लागल्या, आणि निवृत्तीचं वर्ष आलं तरी बसतच होत्या.

दादरच्या त्या कॉलेजात सिव्हिल विभागात त्या शिकवत. कुठल्या तुळईवर किती भार टाकला की ती किती वाकते आणि कुठे मोडते, हा त्यांचा विषय. आडनाव धैर्यवान. पाठारे प्रभूंचं घर, वडील महापालिकेत हेडक्लार्क, राहणं फणसवाडीत. सिव्हिलला मुली नसायच्या त्या काळात त्या शिकल्या. लग्न राहून गेलं. ठरवून केलं नाही असं काही नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि मग कुणी विचारेनासं झालं. भाऊ बंगलोरला. त्याची मुलगी अवनी रविवारी फोन करी. संध्याकाळी मॅडमनी दार लावलं की सकाळी बसच्या कंडक्टरला "दादर" म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघायचं काही कारण नसे. कधी कोलंबी आणली तर एकटीपुरतं भुजणं करत. एवढ्याशा भुजण्याला चव येत नाही, पण करत.

कॉलेजात गुणवत्ता समिती नावाची गोष्ट आली तेव्हा तिचं काम त्यांच्याकडे आलं. मान्यता देणारी मंडळी दर काही वर्षांनी येणार, शिक्षक कसे शिकवतात ते बघणार, म्हणून आधी आपलं आपण बघून घ्यायचं. एकाने दुसऱ्याच्या वर्गात बसायचं आणि खरं काय ते लिहायचं. हे कुणालाच नको होतं. ज्याच्यासोबत रोज डबा खायचा, त्याला तुला शिकवता येत नाही असं सांगणार कोण? काम मॅडमच्या गळ्यात पडलं, कारण त्या डबा एकट्याच खात.

आणि त्यांनी ते काम चोख केलं. एका जुन्या प्राध्यापकांना त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मध्ये एक श्वास घेतलात तर एखादा मुलगा उत्तर देईल." दुसऱ्या एकीला म्हणाल्या, "पडद्यावरचं मुलांना वाचता येतं. तुम्ही ते वाचून दाखवायला उभ्या आहात का?" खोटं कधी लिहिलं नाही, गोडही नाही. त्यामुळे झालं असं की त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की कुणीतरी हळूच म्हणे, "सीआयडी आली," आणि मग सगळे फार अदबीने वागत. चहा आधी त्यांना देत. खुर्ची देत. आणि चालू असलेली गोष्ट अर्धीच सोडून देत.

दोन वर्षांपूर्वी मॅडमच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची, साधीच निघाली, पण कापावी लागली. सही करायला शेजारचे अजितकाका आले होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आवाज थोडा बारीक होऊ शकतो. काहींचा परत येतो, काहींचा नाही. आपला आपल्याला कळत नाही. घरच्यांना विचारत राहा, फरक वाटतोय का."

मॅडमनी मान हलवली. घरचे म्हणजे कोण, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर गोष्टी घडत होत्या, पण प्रत्येकीला काही ना काही कारण होतं. कंडक्टर दोनदोनदा "कुठे?" विचारी, लालबागपासून पुढे वाहनांचा गोंगाटच तसा. अवनी म्हणे, "आत्या, नेटवर्क जातंय गं तुझं, काही ऐकू येत नाहीये". जुन्या इमारतीत भिंती जाड. वर्ग उघडणारी शेवंती तर प्रत्येक वाक्याला "काय म्हणालात?" म्हणायला लागली होती. शेवंतीचं वय होत आलेलं. मॅडम तिला म्हणाल्या, "शेवंती, कान दाखवून घे एकदा. दुखणं अंगावर काढू नये."

"काय म्हणालात?"

"कान! कान दाखव डॉक्टरला."

"बरं," शेवंती म्हणाली आणि झाडू घेऊन पुढच्या वर्गात गेली.

मुलं मात्र चांगली वागत. उलट अलीकडे जास्तच. त्यांच्या तासाला सगळी पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसत, तिघांच्या बाकावर चौघं. वर्गाचा प्रतिनिधी उन्मेष, त्या फळ्यापुढची पायरी चढल्या की उठून पंखे बंद करी. पूर्वी कधीतरी वह्यांची पानं फडफडतात म्हणून मॅडम रागावल्या होत्या. ती आठवण एका तुकडीने दुसरीला सांगितली असणार, असं त्यांना वाटे. आणि बरं वाटे.

शंका आली ती दीपक घाडीगावकरचा वर्ग बघितला त्या दिवशी.

दीपक विभागातला सगळ्यात नवा, करारावर लागलेला, लालबागचा. गडी मन लावून शिकवी, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या वर्गालाही काँक्रीट कसं मुरतं ते कळावं. मान्यतेची मंडळी एप्रिलमध्ये यायची होती, त्याआधी सगळ्यांचे वर्ग बघून व्हायचे होते. मॅडम त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या. खडूचा चरचराटसुद्धा ऐकू येत होता. बाहेर येऊन त्यांनी शेरा लिहिला: विषयाची तयारी चांगली, आवाज गरजेपेक्षा मोठा, त्यामुळे मुलांना विचार करायला उसंत मिळत नाही. पाचपैकी तीन. दीपकने वाचलं, त्याचे कान लाल झाले, आणि त्या दिवसापासून तो समोरून आला की जिन्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागला.

त्याच संध्याकाळी बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, जरा तोंड उघडून बोला ना. पुटपुटताय काय?"

मॅडमनी तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. परळ गेलं, लालबाग गेलं, चिंचपोकळीचा पूल गेला. अक्षर आपलं आपल्याला मागे जाऊन वाचता येतं, त्यांच्या मनात आलं. आवाजाचं काय? आपण पुढे उभं राहून बोलायचं आणि त्याच वेळी मागे बसून ऐकायचं, हे कुणाला जमेल? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटच्या बाकावर फोन ठेवून स्वतःला रेकॉर्ड करून पाहिलं. पण रिकाम्या वर्गाच्या भिंती आवाज धरून ठेवतात, आणि फोनला काय, तो मुंगीची पावलंही टिपतो. त्यातून काही कळेना.

मागे माणूस बसायला हवा होता. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. इतकी वर्षं आपण सगळ्यांचं ऐकलं. आता एकदा कुणीतरी आपलं ऐकावं आणि खरं सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बोलून दाखवली तर अगदी साधी वाटेल अशी. पण ती बोलताना त्यांना घसा साफ करावा लागला.

विभागप्रमुख विनीत कोरगावकर त्यांच्याहून पुष्कळ लहान. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "सर, माझ्या वर्गात कोण बसणार?"

"काय म्हणालात मॅडम? हा एसी फार आवाज करतो." सरांनी एसी बंद केला. "हं, बोला."

"माझा वर्ग बघायचा राहिलाय."

सर मनापासून हसले. "अहो, सोनाराने सोनं पारखायचं. सोनाराला कोण पारखतं का? आणि तुमचं झालंय की. प्राचीने भरून टाकलं परवाच. पाचपैकी पाच."

"प्राची माझ्या वर्गात आली नव्हती."

"यायला कशाला हवं?" सर म्हणाले, आणि ते अगदी आदराने म्हणाले.

प्राचीही तेच म्हणाली. ती एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात. तिने मॅडमचा हात हातात घेतला. "मॅडम, तुम्ही कशा शिकवता ते मला बसून बघायला लागतं का? अजून तुमचा आवाज माझ्या कानात आहे."

तो जुना आहे, मॅडमना म्हणावंसं वाटलं. पण प्राचीच्या डोळ्यांत इतकी माया होती की त्यांनी नुसती मान डोलावली. त्यांची आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. सगळी भीड आपल्याला अशी ताटात वाढून मिळते आहे, आणि आपण उपाशीच, असं काहीसं त्यांना जिना उतरताना वाटलं. राहिला होता एकच माणूस, ज्याला त्यांची भीड उरली नव्हती.

दीपक प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली ठेवून फोडत होता. मॅडम दारात उभ्या राहून काहीतरी बोलल्या. त्याने यंत्र बंद केलं.

"काय मॅडम?"

"उद्या सकाळी माझ्या वर्गात बसाल का? शेवटच्या बाकावर."

"मी? तुमच्या तासाला?" दीपकने हात पुसले. "मॅडम, चेष्टा करताय काय?"

"मी चेष्टा करत नाही."

"ते माहितीये सगळ्यांना," तो बोलून गेला आणि जीभ चावली. मग म्हणाला, "बसतो. पण मी जे काय सांगेन, त्याचा माझ्या रिपोर्टवर..."

"तुमचा रिपोर्ट वर गेला. तुम्ही कौतुक केलंत तर तिनाचे चार होणार नाहीत. नावं ठेवलीत तर दोन होणार नाहीत."

"म्हणजे मला त्यातून काय मिळणार?"

"काहीच नाही."

आता दीपक हसला. पहिल्यांदाच. "हे बरंय. पण मीच का? प्राची मॅडम आहेत, सर आहेत."

"तुम्ही रागावलेले आहात माझ्यावर," मॅडम म्हणाल्या. "मला तसंच कुणीतरी हवंय."

सकाळी दीपक आला आणि मागे जाऊन बसला. मुलं नेहमीप्रमाणे पुढे दाटली. उन्मेषने पंखे बंद केले. मार्च संपत आला होता, वर्ग भट्टीसारखा तापलेला. मॅडमनी फळ्यावर तुळई काढली, दोन टेकू काढले, मधोमध भाराचा बाण काढला आणि बोलायला लागल्या. मागचा बाक इतकी वर्षं त्यांनी स्वतः रोज भरला होता, पण त्या शिकवत असताना त्याच्यावर मुद्दाम त्यांचं ऐकण्यासाठी कुणी बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दीपक पुढे झुकून, हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत होता. मॅडमना हुरूप आला. नेहमी गाळत तो जुन्या पुलाचा दाखला त्यांनी दिला. भार मधोमध असला की तुळई तिथेच सगळ्यात जास्त वाकते, पण आवाज न करता वाकते, म्हणून वेळीच मोजायची, असं म्हणाल्या. पुढची मुलं हसली, कुणी लिहून घेतलं. तास कधी संपला ते कळलंही नाही.

मुलं गेली. मॅडम चालत मागे गेल्या आणि दीपकच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दीपकचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"सांगा."

"अक्षर एकदम मस्त मॅडम. इथून सगळं दिसतं. सिग्मापण."

"अक्षर मी रोज बघते. पुढे."

"डायग्राम तर काय, हाताने काढलेली वाटतच नाही..."

"दीपक."

त्याने दोन्ही हात बाकावर टेकले. मग, त्याच्या मानाने फारच हळू, तो म्हणाला, "ऐकू येत नाही मॅडम."

"किती?"

"तिसऱ्या बाकापर्यंत येत असेल. इथे काहीच नाही. तुमचे ओठ हलताना दिसत होते. मी पुढे वाकून बघितलं, कानामागे हातपण धरला. मुलं हसली तेव्हा कळलं की काहीतरी जोक झाला."

मॅडमनी पदर सारखा केला. "जोक नव्हता. पुलाचं सांगत होते."

"पुलाचं काय?"

"जाऊ दे." त्या समोर फळ्याकडे बघत राहिल्या. "मुलांना माहीत असेल."

"मॅडम, सगळी पुढे का बसतात मग? नि पंखे का बंद करतात तुमच्या तासाला?"

"पानं उडतात म्हणून."

"पानं? वह्या कोण आणतंय आता? सगळे टॅबवर लिहितात." दीपकने मान खाजवली. "पंख्याच्या आवाजात तुमचं ऐकू येत नाही म्हणून बंद करतात. मागल्या बॅचनेच चालू केलं ते. तुमच्याकडे बोलायचं नाही, असं ठरलंय त्यांचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बाहेर मैदानात कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. ती हाक त्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू आली.

"माझा आवाज मोठा आहे ना," दीपक म्हणाला, जणू आपण बोललो ते झाकायला हवं होतं, "ते घरचंच आहे. आजोबा मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर होते. कान गेलेले त्यांचे. सगळं घर ओरडून बोलायचं. आमच्यात कोण हळू बोललं तर आई विचारते, बरा हंस मा रे? बरा आहेस ना, म्हणून."

मॅडम किंचित हसल्या. "आभारी आहे मी तुमची," त्या म्हणाल्या. दीपकला ते ऐकू आलं, कारण तो जवळ बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडताना त्यांनी शेवंतीला थांबवलं, तिच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "कान दाखवलेस का गं?"

"दाखवले की. पावसाळ्यातच. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसभर लायनीत बसले. डॉक्टर म्हणाला, मावशी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले."

"मग मला सांगितलं नाहीस?"

शेवंतीने खांद्यावरचं फडकं सारखं केलं. "तुमास्नी काय सांगायचं," ती म्हणाली.

त्याच दिवशी मॅडम पुन्हा कोरगावकर सरांच्या केबिनमध्ये गेल्या. ह्या वेळी त्यांनी स्वतःच एसी बंद केला. "दीपकच्या आवाजाबद्दल मी लिहिलंय तो शेरा काढायचाय. शेवटच्या बाकावर त्याचं सगळं ऐकू येतं. तो दोष नव्हे, तो गुण आहे. माझं चुकलं."

"मॅडम, रिपोर्ट वर गेला. आता कशाला उकरून काढायचं?" सर समजुतीने म्हणाले. "आणि नेमणुका काही एका शेऱ्यावर ठरत नाहीत." मॅडमनी वेगळं पत्र लिहून दिलं. सरांनी ते घेतलं आणि पेपरवेटखाली ठेवलं.

माइकचं दीपकनेच सुचवलं. गळ्याशी लावायचा छोटा माइक आणि टेबलावर ठेवायची डब्याएवढी पेटी. "लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात मॅडम, तुमच्या घराजवळच. क्लासवाले सगळे तेच वापरतात." शनिवारी मॅडम चालत गेल्या आणि घेऊन आल्या. घरी जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवली, माइक पदराला लावला आणि बटण दाबलं. काय बोलावं ते सुचेना. शेवटी धड्याचं नाव घेतलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, भरलेला, जवळजवळ पूर्वीचा. घरात दुसरं कुणीतरी असल्यासारखा.

"भात लावू का?" मॅडमनी विचारलं.

भात लावू का, पेटीने विचारलं.

मॅडमनी माइक काढून ठेवला. मग उठून भात लावला.

सोमवारी त्या माइक लावून वर्गात गेल्या. पेटी टेबलावर ठेवली आणि उन्मेष बटणांकडे जायला उठला तशा म्हणाल्या, "बस. पंखे चालू राहू देत आता." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बघितलं. एकीने उगाचच डोळे पुसले. मॅडमनी ते पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिथे बसायला मुलंही गेली. आता दाटीवाटीने बसायचं कारणच उरलं नव्हतं. वारा येत होता, ज्याला त्याला ऐसपैस जागा होती. पंधरवड्यात पुढचे दोन बाक रिकामे पडायला लागले. मागे कुणी बाकाखाली फोन बघे, कुणी भिंतीला डोकं टेकून डुलकी काढी. ऐकू सगळ्यांना येत होतं. शिकवता शिकवता मॅडमची नजर पुढच्या रिकाम्या बाकांवर जाई. तिथे इतके दिवस चौघं चौघं बसत. त्यांच्या घामाचा, तेलाचा, डब्यातल्या भाजीचा वास त्यांना येत असे, आणि तो येत होता हे आत्ता, येईनासा झाल्यावर कळत होतं.

मान्यतेची मंडळी आली. त्यांतले एक जण मॅडमच्या वर्गात दोन मिनिटं डोकावले, पदरावरचा माइक पाहिला, टेबलावरची पेटी पाहिली आणि खूश झाले. अध्यापनात आधुनिक तंत्राचा वापर, उत्तम. कोरगावकर सरांनी ते सगळ्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. चहा आधी मॅडमना मिळाला. त्या आल्या तेव्हा चालू असलेली गोष्ट मात्र अर्धीच राहिली.

नव्या वर्षाच्या नेमणुका निघाल्या, त्यांत दीपकचं नाव नव्हतं. जागाच कमी झाल्या, सर म्हणाले. ते खरं होतं की नाही, हे मॅडमना कधी कळणार नव्हतं. त्यांच्या शेऱ्याने काही झालं का, आणि पत्राने काहीच का झालं नाही, हेही नाही. दीपकला पनवेलकडच्या कॉलेजात काम मिळालं. जाण्याआधी तो त्यांच्या टेबलाशी आला, ह्या वेळी जिन्याची बाजू न बदलता.

"चला मॅडम, चहा मारू."

दोघं कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर उभे राहिले. "तिकडे वर्ग मोठे आहेत," तो म्हणाला. "शंभर शंभर पोरं. आपला आवाज कामाला येईल."

"येईल," मॅडम म्हणाल्या. "पण मधून मधून थांबत जा. त्यांना विचार करू दे." मग ग्लास ठेवत म्हणाल्या, "तुझ्याही वर्गात कुणी बसलं नाही, तर मला बोलाव. पनवेल काही लांब नाही."

"नक्की," दीपक म्हणाला. त्याने बोलावलं नाही. नवीन नोकरीत माणसाला कुठे सवड असते.

मॅडमचा शेवटचा तास एप्रिलच्या अखेरीस होता. निरोपाचा समारंभ पुढे मे महिन्यात व्हायचा होता, शाल, नारळ, भाषणं. त्यामुळे त्या दिवशी कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं, मागे जाऊन वाचलं, पुसलं, पंखे लावले. मुलं आली आणि आपापल्या ऐसपैस जागी बसली.

माइकची पेटी त्यांनी घरीच ठेवली होती. टेबलावर, भाताच्या डब्याशेजारी.

त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मागच्या बाकांवरच्या दोघातिघांनी माना वर केल्या. टेबलाकडे बघितलं. तिथे पेटी नव्हती. मग उन्मेष उठला, बटणांपाशी गेला आणि एकेक करून पंखे बंद केले. बाक सरकले. कुणी पिशवी उचलली, कुणी पाण्याची बाटली, आणि सगळा वर्ग न बोलता पुढे आला. तिघांच्या बाकावर चौघं बसले. एक जण तर पायरीवरच मांडी घालून बसला. मॅडम त्या दिवशी पुलाचा दाखला पुन्हा सांगत होत्या. त्यांनी तो सांगता सांगता कुणाकडे वर पाहिलं नाही, पण आवाज त्यांनी आहे तेवढाच राहू दिला.

तास संपला. मुलं गेली. काहींनी वाकून नमस्कार केला, काहींनी सेल्फी घेतली. मॅडम एकट्या उरल्यावर त्यांनी फडकं ओलं केलं, फळा वरपासून खालपर्यंत पुसला आणि पंखे पुन्हा लावले. पर्स उचलली. दारात शेवंती झाडू घेऊन उभी होती. तिने वर फिरणाऱ्या पंख्यांकडे बघितलं आणि बटणांकडे हात नेला.

"बंद करू का मॅडम?"

मॅडम तिच्या जवळ आल्या, तिला नीट ऐकू यावं इतक्या जवळ.

"राहू देत गं," त्या म्हणाल्या. "फळा वाळू दे."